आग नको, आगीच्या आधीचे तास दाखवा

पत्र : कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी सहावी-सातवीला समाजविज्ञान शिकवते. दोन्ही वर्ग मिळून ३४ मुलं. प्रशिक्षणात आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. विलायतेतल्या एका शाळेत मुलं पुठ्ठ्याची घरं करतात, ओळीनं मांडतात आणि १६६६ सालची लंडनची आग शिकवायला शिक्षक ती मैदानात पेटवून देतात. मुलांना हे फार आवडेल असं वाटलं. पण गेल्या मार्चमध्ये आमच्या गावात गवताच्या गंज्या पेटल्या. त्यात सातवीतल्या एका मुलाच्या घराचं छप्पर आणि गोठा जळाला. माणसं वाचली, म्हैस गेली. आता हा विषय घ्यावा की नको? शिवाय आठ-नऊ मुलं घरी कन्नड बोलणारी आहेत, लांबलचक मराठी वाचन त्यांना झेपत नाही. साहित्याला पैसे नाहीत. आणि लंडन आमच्या मुलांना कुठं ठाऊक? बाई, काय करू?

उत्तर :

प्रिय ताई,

विषय जरूर घ्या. पुठ्ठ्याची घरंही हवी तेवढी करा. फक्त काडी लावू नका.

हे मी अनुभवानं सांगते. तीसेक वर्षांपूर्वी बेळगावजवळच्या एका खेड्यात माझ्याकडं चौथीचा वर्ग होता. मुलांनी आठवडाभर खपून रिकाम्या खोक्यांची गल्ली केली होती. मी ती पटांगणात पेटवली. मुलं ओरडली, नाचली. एक मुलगी तेवढी उठून वर्गात फळ्यामागं जाऊन बसली. पुढं आठ दिवस ती शाळेत आली नाही. घरी गेले तेव्हा तिच्या आजीनं सांगितलं, हिची आई स्टोव्हच्या भडक्यात गेली. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घेणं माझं काम होतं. दुसरी गोष्ट महिन्याभरानं कळली. चाचणीत मी विचारलं, आग एवढी का पसरली? एकाही मुलाला सांगता आलं नाही. जाळ किती उंच गेला होता हे मात्र सगळ्यांनी लिहिलं होतं.

तेव्हापासून मी हा विषय उलट्या बाजूनं शिकवत आले. जाळ पाहिला की मूल पाहतच राहतं, प्रश्न विचारायचं विसरतं. शहराची आग म्हणजे खरं तर आगीच्या आधीचे काही तास आणि काही वर्षं. कोणता माल कुठं ठेवला, घरं कशाची होती, गल्ली किती रुंद होती, कोणी काय पाहिलं, कोणी काय ठरवायला उशीर केला. हे सगळं दाखवायला काडीपेटी लागत नाही.

लंडन ठाऊक नाही म्हणता, तर मुंबईपासून सुरुवात करा. खानापूर-चंदगडच्या बाजूनं मुंबईला पोट भरायला गेलेलं एक तरी घर तुमच्या गावात असेलच. १४ एप्रिल १९४४, दुसरं महायुद्ध चालू. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं मालवाहू जहाज दोनच दिवसांपूर्वी येऊन लागलेलं. इंग्लंडहून निघताना त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा भरल्या होत्या. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड आणि भंगार चढलं. असा माल घेऊन जहाज धक्क्याला लावायची एरवी परवानगी नसते, युद्धामुळं ती मिळाली होती. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर चढवलेला नव्हता.

इथून पहिला उपक्रम सुरू होतो, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा हाच. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेका मालाचं नाव आणि चित्र काढून घ्या : कापूस, स्फोटकं, तेल, लाकूड, लोखंड, विमान, सोनं. चित्र असलं की घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांचं अडत नाही. वर्गाच्या फरशीवर खडूनं मोठं जहाज काढा, त्याला कप्पे पाडा आणि मुलांना माल भरायला सांगा. सांगताना घाई करू नका. कापूस कुठं ठेवाल? का? तुमची मुलं शेतातली आहेत. गवताची गंजी चुलीपासून किती लांब रचायची हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ती कापूस आणि स्फोटकं जहाजाच्या दोन टोकांना नेऊन ठेवतील. मग सांगा, की खऱ्या जहाजात दोन नंबरच्या कप्प्यात खाली कापूस आणि त्याच्या वर स्फोटकं होती. वर्ग गप्प होतो. नंतर एखादं मूल विचारतंच, ‘बाई, मोठ्या माणसांना कळलं नाही काय?’ हा प्रश्न आला की तुमचा धडा लागला म्हणून समजा. उत्तर लगेच देऊ नका. युद्धातली घाई, जहाजांची टंचाई, मिळेल ती जागा भरून घ्यायचं दडपण, हे मुलांकडूनच एकेक काढून घ्या.

दुसऱ्या तासाला फळ्यावर मोठं घड्याळ काढा, पुठ्ठ्याचे काटे लावा. वर्गाचे चार गट करा : जहाजाचा कप्तान आणि खलाशी, अग्निशमन दलाचे जवान, गोदीचे अधिकारी, आणि गोदीतले हमाल व आसपासच्या वस्तीतली माणसं. काटा दोनवर आणा. दोन नंबरच्या कप्प्यातून धूर येतोय एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. आग नेमकी कुठं आहे ते धुरामुळं दिसत नाही. प्रत्येक गटानं पाच मिनिटांत ठरवायचं. पाणी मारत राहायचं? जहाज ओढून समुद्रात न्यायचं? गोदी रिकामी करायची? रिकामी करायची तर हजारो माणसांना कोण सांगणार, आणि ती ऐकतील का? गटात बोलताना ज्याला जी भाषा येते ती चालेल. निर्णय सांगतानाही कन्नडमध्ये सांगितलं तरी चालेल, शेजारचं मूल मराठीत सांगेल. आपल्याकडच्या मुलांना दोन भाषांत ये-जा करायची सवय असते. तिचा इथं उपयोग करून घ्या, तिच्याकडं अडचण म्हणून पाहू नका.

मग काटा पुढं सरकवा. जहाजात ९०० टनांहून जास्त पाणी ओतून झालं आहे. आतल्या उष्णतेनं ते पाणी उकळतंय. आता काय? पुन्हा पाच मिनिटं. ३ वाजून ५० मिनिटं : जहाज सोडून जाण्याचा हुकूम. इथं अग्निशमन दलाच्या गटाला विचारा, तुम्हीही निघणार का? माझ्या वर्गात एकदा या प्रश्नावर तास संपला तरी मुलं भांडत होती. मी घंटा ऐकलीच नाही असं केलं.

४ वाजून ६ मिनिटांवर काटा आणा आणि थांबा. टेबलावर हात आपटणं, फटाका, ओरडणं, काहीही करू नका. एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. मग शांतपणे सांगा. पहिल्या स्फोटानं जहाजाचे दोन तुकडे झाले. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. पार सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही हादऱ्याची नोंद झाली. आजूबाजूची अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायला आली. पेटलेला कापूस आणि लोखंड शहरावर पडलं, वस्त्या पेटल्या, आणि आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. पाणी मारत उभे राहिलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीसाठी. आपल्याकडं तोवर उन्हाळी सुट्टी लागलेली असते, म्हणून तारखेची वाट पाहू नका.

६६ हा आकडा मुलांच्या कानावरून नुसता निघून जातो. चिंचोके आणायला सांगा. एकेका मुलानं पुढं येऊन एकेक चिंचोका परातीत टाकायचा, मोठ्यानं मोजत. ३४ मुलांचे ३४ होतील, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि दुसरी फेरीही जवळजवळ पुरी होईल. एवढंच. त्यावर भाषण नको. एकूण किती माणसं गेली, तर ८०० ते १,३०० असे वेगवेगळे आकडे दिले जातात. सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. मुलांना विचारा, जवानांचा आकडा पक्का आणि बाकीच्यांचा असा सैल का? रोजंदारीवर आलेल्या हमालाचं नाव कोणत्या वहीत असणार? सातवीच्या मुलाला हा प्रश्न कळतो. त्याच्या घरातलंच कुणीतरी तसं कामाला गेलेलं असतं.

सोन्याच्या विटा आकाशातून पडल्याची गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा विचारतील. एका पारशी गृहस्थांच्या घरात अशी वीट येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली, एवढं सांगा आणि पुढं चला. नाहीतर सोनंच लक्षात राहतं.

आता लंडन. ते मैदानावर न्या, म्हणजे मुलांना पायानं कळेल. पावसाळ्यात तुमच्याकडं मैदान तळं होतं, म्हणून जानेवारी धरा. मुलांना गल्लीसारखं दोन ओळींत, एकेका हाताच्या अंतरावर उभं करा. प्रत्येक मूल म्हणजे एक घर. पूर्वेच्या टोकाचं पहिलं घर म्हणजे पुडिंग लेनमधली बेकरी, जिथं २ सप्टेंबर १६६६ च्या रविवारी मध्यरात्रीनंतर आग लागली. तुमची एक टाळी म्हणजे वाऱ्याची एक झुळूक. टाळी वाजली की ‘पेटलेलं’ घर आपल्या पश्चिमेच्या आणि समोरच्या घराला हात लावणार आणि खाली बसणार. ज्याला हात लागला ते पेटलं. किती टाळ्यांत गल्ली बसली ते मोजा. पुन्हा खेळा, या वेळी मुलांना दोन-दोन हात लांब उभं करा. तिसऱ्या वेळी टाळी सुरू झाल्यावर मधली सहा घरं बाहेर काढा. आग तिथं थांबते.

काय झालं ते मुलांच्या डोळ्यांसमोर असतानाच सांगा, की लंडनलाही हाच उपाय होता. लांब दांड्याला लावलेल्या लोखंडी आकड्यांनी ओढून आणि शेवटी बंदुकीच्या दारूनं मधली घरं पाडायची. पण सुरुवातीला महापौर थॉमस ब्लडवर्थ यांनी आग फारशी मनावर घेतली नाही आणि घरमालकांच्या संमतीवाचून घरं पाडायला ते कचरले. पाडलेल्या घराची भरपाई कोण देणार, हा प्रश्न होताच. कोरडा उन्हाळा आणि पूर्वेचा जोरदार वारा. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळाली. बाहेर काढलेल्या सहा मुलांना विचारा, तुमचं घर धडधाकट असताना पाडलं, कसं वाटलं? आणि बाकीच्यांना विचारा, तुम्ही महापौर असता तर? जंगलालगतच्या गावातल्या मुलांना जाळरेषा ठाऊक असते. वनखातं उन्हाळ्याआधी गवत काढून पट्टा मोकळा करतं ते का, हे आता तीच तुम्हाला सांगतील.

त्याच आठवड्यात एक फेरी गावातून काढा. वहीत चार रकाने : गवत, कौल, पत्रा, स्लॅब. कोणत्या गल्लीत कोणतं छप्पर किती, ते मोजायचं. दोन घरांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. लंडनची जुनी घरं लाकडाची, आणि वरचे मजले गल्लीवर इतके पुढं आलेले की समोरासमोरच्या माड्या जवळजवळ टेकायच्या. बेळगावच्या जुन्या बाजारातल्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पटकन दिसेल. आगीनंतर १६६७ मध्ये कायदा झाला : घरं विटांची किंवा दगडाची, रस्ते रुंद. खानापूरच्या मुलांना हे शिकवायला तर फार सोपं. तुमची माती म्हणजे विटांची, कौलांची, मडक्यांची माती. वीटभट्टीवर काम करणाऱ्या एखाद्या पालकाला वर्गात बोलवा आणि त्यांना एकच विचारा, भाजलेली वीट पुन्हा पेटते का? ते जे सांगतील ते कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट असेल. आणि मुलांना पुढचा प्रश्न घालून द्या. कौलारू घरही जळतं, ते कसं? कौलांखाली काय असतं? वासे, रिपा, माळ्यावरचं सरपण, शेणी. आपल्या घरच्या माळ्यावर काय काय आहे याची यादी प्रत्येकानं घरून करून आणायची. यातूनच अनेक घरांचे माळे त्या आठवड्यात साफ होतात, असा माझा अनुभव आहे.

एक उपक्रम मात्र जपून करायचा आणि टाळायचा नाही. मुलांना गोल बसवा आणि कानगोष्ट खेळा, पण एका नियमानं : पहिल्यानं मराठीत सांगायचं, दुसऱ्यानं कन्नडमध्ये, तिसऱ्यानं पुन्हा मराठीत. कन्नड अडलं तर खूण केली तरी चालेल. ‘गोदीत दुपारी जहाजाला आग लागली, कारण अजून कळलेलं नाही’ एवढं वाक्य द्या आणि शेवटी काय बाहेर पडतं ते फळ्यावर लिहा. ‘कारण अजून कळलेलं नाही’ हे शब्द बहुतेक वेळा वाटेतच गळतात. मग मुंबईचं सांगा. स्फोटाची बातमी दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दिली. इथल्या बातमीदारांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बातमी पाठवायची मोकळीक नव्हती. बातमी दडपली की तिची जागा अफवा घेते.

लंडनमध्ये तर एका माणसाचा जीव गेला. रॉबर्ट ह्युबर्ट नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं आग आपणच लावल्याची कबुली दिली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्याला फाशी झाली. तो लंडनला पोचलाच होता आग लागल्यानंतर दोन दिवसांनी. परदेशी माणूस, आणि लोकांच्या मनात कॅथलिक पंथाच्या ख्रिश्चनांवरचा राग, तेवढं पुरलं. आगीच्या स्मारकस्तंभावर कॅथलिकांना दोष देणारा मजकूर १६८१ मध्ये कोरला गेला, तो कायमचा पुसायला १८३० उजाडलं. मुलांना या दोन सालांमधली वजाबाकी करायला लावा. आपल्या सीमाभागात हा भाग मी कधीही वगळला नाही. दोन भाषांच्या गावात काही वाईट घडलं की कुणाचं बोट कुठं वळतं हे मुलं घरात ऐकत असतात. त्यांना तुम्ही गावातलं उदाहरण देऊ नका, ती मनातल्या मनात घेतील. तुम्ही फक्त विचारा, ‘तो त्या दिवशी तिथं होता का, हे कुणी आधी विचारलं असतं तर?’

वेळेचं म्हणाल तर सहा तास पुरे, दोन आठवड्यांत पसरून. सहावा तास शाळेसाठी ठेवा. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली, ती गवती छपराला धरली आणि ९४ मुलं गेली. ही हकिगत मुलांना सांगू नका, एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत सांगा. मुलांनी तुमच्यासोबत फक्त फेरी मारायची : अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण शिजतं त्या, खोलीत सिलिंडर कुठं आहे, दार कोणत्या बाजूला उघडतं, दुसरी वाट आहे का, वाळूच्या बादल्या भरलेल्या आहेत की त्यात केर आहे, ११२ किंवा १०१ ला फोन करून गावाचा पत्ता कसा सांगायचा. पत्ता मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. फोनपलीकडचा माणूस कोणती भाषा बोलेल ते आपल्या हातात नसतं. प्रत्येकानं तो न अडखळता म्हणून दाखवायचा.

राहिला तो मुलगा. विषय सुरू करायच्या आधी त्याच्या घरी जा. शाळेच्या कामासाठी आल्यासारखं करू नका, सरळ सांगा की आगीचा धडा घ्यायचा आहे, तुम्हाला काय वाटतं? आई किंवा आजी नको म्हणाली तर मुंबईचा भाग पुढच्या वर्षावर टाका आणि या वर्षी फक्त छपरांची फेरी आणि शाळेची फेरी करा. त्या हो म्हणाल्या तर मुलाशी एकटं बोला, वर्गाबाहेर. कोणत्या दिवशी काय होणार हे त्याला आधी सांगा, म्हणजे अचानक काही अंगावर येणार नाही. दाराजवळची जागा द्या आणि न विचारता उठून जायची मोकळीक द्या. त्याची हकिगत त्यानं वर्गाला सांगावी असं सुचवू नका, इतरांनाही विचारू देऊ नका. तो आपणहून बोलला तर मध्ये न पडता ऐका. म्हैस कशी गेली हे तो सांगेल किंवा कोण आधी धावून आलं हे सांगेल, जे सांगेल ते त्याचं.

आणि मैदानावरच्या खेळात त्याला घर करू नका. टाळी वाजवायलाही लावू नका. फळ्यावरच्या घड्याळाचा काटा फिरवायचं काम त्याला हवं का विचारा. त्या कामात बोलावं लागत नाही, आणि पुढं काय होणार हे आधीपासून ठाऊक असलेला वर्गात तो एकटाच असतो. नको म्हणाला तर दुसऱ्या कुणाला द्या आणि कारण विचारू नका.